अ‍ॅफिलिएटला काढलं, तरी महिन्याभरात खोटं कमिशन पुन्हा सुरू होतं: कुठे आणि कसं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. दुकान नागपुरात, इतवारीत नाहीतर सीताबर्डीला. माल संत्रा बर्फी, सावजी मसाला किंवा हातमागाच्या साड्या. वेबसाइट शॉपिफायवर किंवा वूकॉमर्सवर, म्हणजे ऑनलाइन दुकानाच्या तयार सॉफ्टवेअरवर. इन्स्टाग्रामवर खाण्याचे व्हिडिओ टाकणारी पोरं आणि यूट्यूबवाले जोडून अ‍ॅफिलिएट प्रोग्राम सुरू केला, म्हणजे ज्याच्या लिंकवरून गिऱ्हाईक येईल त्याला कमिशन. कमिशनचा आकडा वाढत गेला, बँकेत येणारी रक्कम आहे तिथेच राहिली. मग एका खात्यावर संशय आला, ते बंद केलं, महिनाभर शांतता. त्यानंतर दुसऱ्या नावाने तोच प्रकार. "भाऊ, एकाला हाकललं का दुसरा येऊन राहिला, करावं काय?"

दुसरा येतो कारण पैसे द्यायची अट जुनीच असते. ऑर्डर पडली की कमिशन, शेवटचा क्लिक ज्याचा त्याला कमिशन, पिक्सेल (ऑर्डर झाल्याच्या पानावरचा, ऑर्डर मोजणारा छोटा कोड) वाजला की कमिशन. या अटींमध्ये जे भोक आहे ते पहिल्याला सापडलं तसं पुढच्यालाही सापडतं. म्हणून तपास माणसापासून सुरू न करता आकड्यांपासून करा. भोक कोणत्या जातीचं आहे ते आधी ठरलं पाहिजे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि चुकीचा उपाय केला तर त्रास प्रामाणिक पोरांनाच होतो.

आधी चार आकडे एका कागदावर

महिन्याच्या एकूण ऑर्डरी. त्यातल्या खरोखर पोचलेल्या आणि पैसे जमा झालेल्या ऑर्डरी. अ‍ॅफिलिएट डॅशबोर्डने (कमिशनचा हिशेब दाखवणाऱ्या पानाने) मोजलेल्या ऑर्डरी. आणि अ‍ॅफिलिएटशिवाय आलेल्या, म्हणजे थेट, गुगलवरून किंवा तुमच्या स्वतःच्या जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरी. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच मोसमाशी करा. ताज्या संत्र्याचं काम असेल तर आंबिया बहार आणि मृग बहार असे दोन चढ येतातच. बर्फी आणि फराळ दिवाळीला उसळतो. दिवाळीची तारीख सरकते, त्यामुळे ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलनाही कधीकधी फसवते.

आता बघा. एकूण ऑर्डरी वाढल्या पण पोचलेल्या वाढल्या नाहीत, तर कोणीतरी खोट्या ऑर्डरी टाकतंय. एकूण ऑर्डरी तेवढ्याच आहेत, अ‍ॅफिलिएटच्या वाढल्या आणि बाकीच्या जवळपास तेवढ्याच घटल्या, तर तुमचं आपणहून आलेलं गिऱ्हाईक कोणीतरी आपल्या नावावर लावून घेतंय. डॅशबोर्डवरच्या काही ऑर्डरी तुमच्या ऑर्डर बुकात सापडतच नाहीत, तर कमिशनची नोंदच बनावट आहे. आणि सगळं जुळतंय, माल पोचतोय, पैसे येताहेत, पण पत्ते तेच ते आहेत, तर अ‍ॅफिलिएट स्वतःच्या लिंकवरून स्वतःच खरेदी करतोय.

क्लिकच्या संख्येवरून काहीही ठरवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक चिकटवली की तिचा छोटा नमुना दाखवायला अ‍ॅप स्वतःच ते पान उघडतं. फेसबुकचा बॉटही तेच करतो. कॉलनीच्या चार ग्रुपवर लिंक गेली की क्लिक फुगतात, त्यात लबाडी काहीच नसते. क्लिकमागे पैसे देत असाल तर मात्र ते आजच बंद करा.

खोट्या ऑर्डरी: कॅश ऑन डिलिव्हरीचं भोक

आपल्याकडे सर्वात जास्त नुकसान इथे होतं, आणि परदेशी लेख वाचून उपाय शोधणाऱ्यांना हे सापडत नाही, कारण तिकडे बहुतेक पैसे कार्डाने आधीच कापले जातात.

पद्धत सोपी आहे. अ‍ॅफिलिएट आपल्या लिंकवरून स्वतः किंवा मित्रांकडून कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरी टाकतो. पार्सल दारात गेलं की कोणी फोन उचलत नाही. माल परत येतो. समजा ऑर्डर 800 रुपयांची आणि कमिशन 10 टक्के. त्याला 80 रुपये मिळाले. तुम्हाला ते 80, जाण्याचं कुरिअर, परत येण्याचं कुरिअर, आणि बर्फी असेल तर अख्खा डबाच गेला, कारण आठवडाभर गाडीत फिरून आलेली बर्फी कोण विकणार? मसाल्याचं पाकीट निदान पुन्हा वापरता येतं. म्हणजे त्याने 80 कमावले तरी तुमचं नुकसान त्याच्या कितीतरी पट असतं.

पत्ता अर्धवट आहे म्हणून ऑर्डर खोटी, असा नियम नागपुरात चालत नाही. "पाण्याच्या टाकीजवळ, दुसरी गल्ली, हनुमान मंदिरासमोर" असे पत्ते इथे अगदी खरे असतात आणि डिलिव्हरीवाल्याला सापडतातही. एकेका ऑर्डरीकडे बघून काही कळत नाही. प्रत्येक अ‍ॅफिलिएटच्या ऑर्डरींपैकी किती परत आल्या तो दर काढा, आणि तुमच्या दुकानाच्या नेहमीच्या कॅश ऑन डिलिव्हरी परतीच्या दराशी ताडून बघा. दोन-चार ऑर्डरींवरून निष्कर्ष काढू नका. पुरेशा ऑर्डरी झाल्यावरही एखाद्याचा दर दुकानापेक्षा फारच वर असेल, तर पुढे त्याचे फोन नंबर, पिन कोड आणि ऑर्डरची वेळ बघा. रात्री दीड ते अडीचच्या दरम्यान ओळीने पडलेल्या ऑर्डरी, आधी कधी न आलेले नंबर, सगळ्यांत एकच सर्वात महाग वस्तू.

उपाय एकच आहे आणि तो अटीत आहे. कमिशन ऑर्डरवर मिळणार नाही, माल पाठवल्यावर मिळणार नाही. कुरिअर कंपनीने वसूल केलेली रोख तुमच्या खात्यात जमा झाली आणि परतीची मुदत संपली, की मिळेल. तोपर्यंत नोंद 'प्रलंबित'. ऑनलाइन पैसे भरलेल्या ऑर्डरींनाही परतीची मुदत लागू ठेवा, नाहीतर लबाडी तिकडे सरकते: पैसे भरायचे, कमिशन घ्यायचं, परतावा मागायचा. बहुतेक अ‍ॅफिलिएट प्लगिनमध्ये आपोआप मंजुरी बंद करण्याची सोय असते. सुरुवातीलाच आपोआप मंजुरी चालू राहून गेलेली असते.

सोबत कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीला पाठवण्याआधी ओटीपी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर होकार घ्या. फोनवर विचारत असाल तर "ऑर्डर तुमचीच आहे ना" एवढंच विचारून थांबू नका, डिलिव्हरीच्या दिवशी घरी कोण आहे ते विचारा. खोटी ऑर्डर टाकणारा या प्रश्नावर अडखळतो.

ही अट लावली की प्रामाणिक मंडळी कुरकुरतात. त्यांचंही खरं आहे, व्हिडिओ आज बनवला आणि पैसे दीड महिन्याने. त्याला तोड अशी की पेआउटची तारीख पक्की ठेवा आणि ती कधीही चुकवू नका. ज्याचा परतीचा दर सलग चांगला आहे त्याची मुदत कमी करा. नवा आला की त्याला पूर्ण मुदत.

तुमचंच गिऱ्हाईक चोरून तुम्हालाच विकणं

हा प्रकार पकडायला अवघड, कारण प्रत्येक ऑर्डर खरी असते. गिऱ्हाईक खरं, पैसे खरे, फक्त त्याला आणलं कोणी ते खोटं.

इथे एक आकडा फार बोलतो: अ‍ॅफिलिएट क्लिक आणि ऑर्डर यांच्यातला वेळ, आणि त्या दरम्यान गिऱ्हाईक साइटवर काय करत होतं. व्हिडिओ बघून आलेला माणूस लिंक दाबतो, दोन-तीन पानं बघतो, कधी लगेच, कधी उद्या घरी विचारून ऑर्डर करतो. त्याऐवजी क्लिक आणि ऑर्डर यांच्यात काही सेकंदच असतील, आणि क्लिकच्या आधीच गिऱ्हाईक साइटवर येऊन टोपली भरून बसलेलं असेल, तर शेवटच्या पायरीवर कोणीतरी आपला कोड (कमिशन कोणाला जायचं ते सांगणारा) घुसवलाय. हे काम कूपनच्या साइटी आणि ब्राउझरची एक्स्टेन्शनं (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) करतात. डिसेंबर 2024 मध्ये पेपालच्या हनी या एक्स्टेन्शनवर नेमका हाच आरोप झाला, की ते पैसे भरायच्या वेळी दुसऱ्याचा कोड पुसून आपला बसवतं. मार्च 2025 मध्ये गुगलने क्रोमच्या एक्स्टेन्शनसाठी नियम कडक केले: ग्राहकाने स्वतः काही केलं नसेल आणि त्याला काही प्रत्यक्ष फायदा होत नसेल तर अ‍ॅफिलिएट कोड घालता येत नाही. नियम आहे म्हणून प्रकार थांबतो असं नाही. तुमच्या बाजूने एवढं करा, की टोपलीत माल पडल्यानंतर आलेल्या क्लिकला कमिशन शून्य किंवा अगदी थोडं. ज्याने गिऱ्हाईक आणलं त्याचा आधीचा क्लिक पुसू देऊ नका. कूपन कोड यूट्यूबवाल्याच्या नावाने दिला असेल आणि तो कूपनच्या साइटींवर फिरत असेल, तर कोडवर कमिशन न देता लिंकवर द्या, किंवा कोड दर महिन्याला बदला.

उलट दिशेची खूण: क्लिक नोंदला गेलाय, पण त्या वेळी एकही पान बघितलं गेलं नाही, आणि गिऱ्हाईक पाच दिवसांनी आपणहून आलं. असं एखाद्याच्या बाबतीत सतत होत असेल तर कुकी (हा माणूस कोणाच्या लिंकवरून आला ती ब्राउझरमधली खूण) न विचारता बसवली जात्येय. कुठल्यातरी भलत्याच साइटवर अदृश्य चित्र किंवा फ्रेम ठेवून तुमची अ‍ॅफिलिएट लिंक गुपचूप उघडायची, म्हणजे तिथे येणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये आपली कुकी. त्यातले काही जण पुढे कधीतरी तुमच्याकडे येतीलच. ईबेने 2008 मध्ये आपल्या मोठ्या अ‍ॅफिलिएटांवर यासाठी कॅलिफोर्नियात दावा लावला. मोफत वाटलेल्या विजेटमधून (साइटवर लावायच्या छोट्या तयार तुकड्यांतून) कुकी पसरवली जात होती. पुढे फौजदारी खटला झाला आणि 2014 मध्ये दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. ईबेसारख्या कंपनीलाही ते लगेच समजलं नव्हतं, तेव्हा तुम्हाला समजलं नाही याचं फार वाईट वाटून घेऊ नका.

याचा तांत्रिक पुरावा मिळतो, पण त्यासाठी अ‍ॅफिलिएट लिंक तुमच्या स्वतःच्या रीडायरेक्टवरून, म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानाकडे पुढे पाठवणाऱ्या पत्त्यावरून, गेली पाहिजे. शॉपिफायवर दुकान असेल तर सर्व्हरचे लॉग (प्रत्येक भेटीची नोंद) तुमच्या हाती नसतात, म्हणून एक वेगळा सबडोमेन घ्या आणि सगळ्या लिंका तिथून फिरवा. तिथे प्रत्येक क्लिकसोबत ब्राउझर सेक-फेच-डेस्ट नावाचा हेडर (विनंतीसोबत जाणारी छोटी माहिती) पाठवतो. लिंक माणसाने उघडली असेल तर त्यात 'डॉक्युमेंट' असतं, चित्र म्हणून उघडली असेल तर 'इमेज', फ्रेममध्ये असेल तर 'आयफ्रेम'. क्रोममध्ये हे 2020 पासून आहे, सफारीत 2023 पासून. अपाचे किंवा एनजिनएक्स या सर्व्हर प्रोग्रामच्या नेहमीच्या लॉगमध्ये हा हेडर लिहिला जात नाही, लॉगच्या फॉरमॅटमध्ये तो मुद्दाम जोडावा लागतो. आणि नुसतं लिहून थांबू नका. 'डॉक्युमेंट' सोडून दुसरं काही आलं तर रीडायरेक्टने कुकी बसवायचीच नाही, अशी अट टाका. हेडर आलाच नाही तर तो जुना फोन असू शकतो, त्यावरून आरोप करू नका. रेफरर (क्लिक कोणत्या पानावरून आला ती नोंद) रिकामा असणं हाही पुरावा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या क्लिकला रेफरर नसतोच, आणि आता क्रोम दुसऱ्या साइटला पूर्ण पत्ता न देता फक्त डोमेन देतो.

आणखी एक जागा तपासा. 2020 पासून क्रोम कुकीला आपोआप सेमसाइट लॅक्स धरतो, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरच्या चित्रातून किंवा फ्रेममधून कुकी बसत नाही. पण "ट्रॅकिंग नीट होत नाही" म्हणून कोणी डेव्हलपरने ते सेमसाइट नन करून ठेवलं असेल तर तुम्ही दार स्वतःच उघडं ठेवलंय. ते बंद केल्यावरही न मागता उघडणाऱ्या पूर्ण खिडक्यांचा प्रकार उरतो. तिथे पान दिसलं का आणि किती वेळ दिसलं, हेच बघावं लागतं.

मग उरतात तुमच्या नावावर जाहिरात लावणारे. गिऱ्हाईक गुगलवर तुमच्या दुकानाचं नाव टाकतं, वर जाहिरात दिसते, ती अ‍ॅफिलिएटने लावलेली असते. तुम्ही धरमपेठेत बसून शोधलं तर काहीच दिसत नाही, कारण त्याने जाहिरातीतून नागपूर वगळलेलं असतं. काही जण फक्त रात्री आणि रविवारी लावतात. गुगल अ‍ॅड्समध्ये जाहिरात कशी दिसते ते तपासायचं साधन आहे, त्यात ठिकाण निवडता येतं. पुणे, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद टाकून बघा. नागपूरची पोरं नोकरीला तिकडेच आहेत आणि बर्फी मागवणारेही तेच, त्यामुळे लबाडीही तिथेच लागते. स्वतःच्या नावावरच्या तुमच्या जाहिरातीचा क्लिक अचानक महाग झाला तरी हाच संशय घ्या. दिसलं की वेळेसह स्क्रीनशॉट आणि जाहिरातीतली पूर्ण लिंक ठेवा. नंतर ती मिळत नाही.

डॅशबोर्डवर आहे, ऑर्डर बुकात नाही

हे लवकर आटपतं. धन्यवादच्या पानावरचा पिक्सेल कोणालाही वाजवता येतो, त्यात ऑर्डर क्रमांक आणि रक्कम हाताने घालता येते. कमिशन पिक्सेलवरून मोजणं बंद करा. सर्व्हरवरून सर्व्हरला डिजिटल सही केलेली नोंद पाठवा, एक ऑर्डर क्रमांक एकदाच मोजा, आणि रक्कम ऑर्डरच्या नोंदीतून घ्या, जीएसटी आणि कुरिअर वजा करून.

स्वतःच्याच लिंकवरून खरेदी

हा गुन्हा मानायचा की नाही ते तुम्ही ठरवा. स्वतःच्या घरी वर्षाला चार डबे मागवणाऱ्या पोराला सूट मिळाली तर फार बिघडत नाही. पण नव्या गिऱ्हाइकाचा बोनस ठेवला असेल तर एकच माणूस दहा वेळा नवा होतो. जीमेल नावातले ठिपके मोजत नाही, आणि अधिकचं चिन्ह लावून पुढे काहीही लिहिलं तरी मेल त्याच खात्यात येते. त्यामुळे ईमेल ताडताना ठिपके आणि अधिकच्या पुढचा भाग काढून ताडा. फोन नंबर आणि पत्ता त्याहून भरवशाचे.

आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) मात्र कोणाला अडवू नका. मोबाइल नेटवर्कवर एकाच सार्वजनिक आयपीमागे असंख्य गिऱ्हाइकं असतात, आणि हॉस्टेल किंवा कोचिंग क्लासच्या वायफायवरून आलेली वीस पोरं खरंच वीस असू शकतात.

दुसऱ्या नावाने परत येणं अवघड कसं करायचं

नोंदणीला पॅन घ्या, पैसे फक्त त्याच नावाच्या बँक खात्यात. टीडीएससाठी पॅन तसाही लागतो. कमिशनवरच्या टीडीएसचा दर 1 ऑक्टोबर 2024 पासून 5 वरून 2 टक्के झाला, आणि एप्रिल 2025 पासून, ज्यापुढे तो कापावा लागतो ती वर्षाची मर्यादा 15 हजारांवरून 20 हजार. पॅन नसेल तर 20 टक्के कापावे लागतात. टीडीएस तुम्हाला लागू आहे की नाही ते उलाढालीवर ठरतं, सीएला विचारा. पॅनच्या प्रती व्हॉट्सअ‍ॅपच्या गॅलरीत पडू देऊ नका.

काढलेला माणूस भावाच्या किंवा मित्राच्या पॅनवर येऊ शकतो. पण मग लिंक ज्या साइटवर किंवा चॅनलवर लावली ती बघा. नाव बदलतं, गिऱ्हाईक आणण्याची जागा सहसा बदलत नाही. म्हणून नोंदणीलाच विचारा: लिंक कुठे टाकणार? ज्या जागेची नोंद नाही तिथून आलेल्या ऑर्डरी तपासेपर्यंत रोखून ठेवायच्या.

सापडल्यावर

खातं लगेच बंद करू नका. आधी पेआउट थांबवा आणि लॉग उतरवून ठेवा, कारण होस्टिंगवर जुने लॉग आपोआप पुसले जातात. मग लेखी विचारा, ही गिऱ्हाइकं कुठून आली? प्रामाणिक माणूस व्हिडिओची लिंक, इन्स्टाचे आकडे लगेच पाठवतो. खोटा एक तर गप्प बसतो, नाहीतर पैसे अडवले म्हणून आरडाओरडा करतो. आरडाओरडा हा पुरावा नाही, खऱ्याचाही जीव तुटतो. शिवाय सफारी पानावरच्या स्क्रिप्टने बसवलेली कुकी सात दिवसांत पुसतं, त्यामुळे आयफोनवाल्या गिऱ्हाइकांचं काही कमिशन खऱ्या अ‍ॅफिलिएटला मिळतच नाही, हेही लक्षात असू द्या.

कमिशन परत घ्यायचं असेल तर ती अट आधी लिहिलेली हवी: किती दिवस रोखणार, कशावर परत घेणार, तुमच्या नावावर जाहिरात चालेल का, स्वतःची खरेदी चालेल का. हे मराठीत, एका पानात लिहा आणि नोंदणीला होकार घ्या. रक्कम मोठी असेल तर 1930 वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे. जाताना स्क्रीनशॉटच्या ढिगापेक्षा एक तक्ता न्या: ऑर्डर क्रमांक, क्लिकची वेळ, ऑर्डरची वेळ, माल परत आला का, कमिशन किती दिलं. आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर नाव-फोटो टाकून बदनामी करू नका, उलट खटला तुमच्यावरच बसेल.

राहिला घरचा प्रश्न, जो कोणाला आवडत नाही. लहान दुकानात वेबसाइट भाचा नाहीतर शेजारचा इंजिनिअर पोरगा बघतो. अ‍ॅफिलिएटला मंजुरी तोच देतो, कूपन तोच काढतो, पेआउटची यादीही तोच पाठवतो. त्याच्यावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. पण पेआउटची यादी दिवाणजींच्या टेबलावरून जाऊ द्या. कुरिअर कंपनीचा रोख जमा झाल्याचा तक्ता त्यांच्याकडे येतोच, दोन्ही शेजारी ठेवून ऑर्डर क्रमांकावर टिक मारायची, ज्यावर टिक नाही ते पुढच्या महिन्यात.